पीटर पार्करचं वय नक्की किती? सुपरहिरो म्हातारे होत नाहीत, मग ती वर्षं जातात कुठे?

निळी_शाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

स्पायडरमॅन पहिल्यांदा आला ऑगस्ट १९६२ च्या अंकात. पीटर पार्कर तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळकरी पोरगा. आणि सुरुवातीला तो खरंच आपल्यासारखा वाढत होता बरं का, १९६५ मध्ये शाळा संपली, त्याच वर्षाअखेर कॉलेजात गेला, म्हणजे तीन वर्षांत पंधराचा अठरा, हिशोब चोख. त्या काळात ज्यांनी दर महिन्याला अंक घेतले असतील ती मुलं अक्षरशः त्याच्याबरोबर मोठी झाली. मग कुठेतरी ब्रेक लागला. कॉलेज संपायला थेट १९७८ उजाडलं. शाळा तीन वर्षांत आणि कॉलेज तेरा वर्षांत! १९८७ मध्ये मेरी जेनशी लग्न झालं, वीस वर्षं संसार झाला, आणि २००७ मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाबरोबर सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. आज तो कुठल्याही अंकात बघा, पंचवीस ते तीसच्या मधे कुठेतरी लटकलेला असतो. घरभाडं थकलेलं, नोकरीचा पत्ता नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पायडरमॅनच्या कंपनीत, मार्व्हलमध्ये, ह्याला स्लायडिंग टाइमस्केल म्हणतात. फँटास्टिक फोर ह्या चौघांना शक्ती देणारं रॉकेट उडालं नोव्हेंबर १९६१ च्या अंकात, पण कथेतल्या जगात ते नेहमी 'साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी'च उडालेलं असतं. आज पुढे सरकला की सुरुवातही मागोमाग सरकते. ह्याचा मला सर्वात आवडलेला पुरावा म्हणजे त्या चौघांतल्या बेन ग्रिमचं बार मिट्झवाह (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरचा संस्कार). बेन ज्यू आहे, आणि २००६ च्या एका अंकात त्याचं बार मिट्झवाह होतं, कारण काय तर दगडी अंगाचा थिंग झाल्यापासून त्याचं नवीन आयुष्य सुरू झालं आणि त्याला आता तेरा वर्षं पूर्ण झाली. छापील कागदावर पंचेचाळीस वर्षं उलटलीयेत, बेनची तेरा. आणि तरी तो अंक इतका मनापासून लिहिलाय की हे गणित वाचताना खटकत नाही, उलट डोळ्यात पाणी येतं.

आता माझा मुद्दा. सगळे म्हणतात सुपरहिरोंचं वय थांबलेलं असतं. मला नाही पटत. ती वर्षं हवेत विरून जात नाहीत, ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेली असतात. हिरो तरुण राहावा म्हणून त्याच्या आजूबाजूच्या कोणाला तरी किंमत मोजावी लागते. आणि ती बहुतेक वेळा बायका, मुलं आणि जुने मित्र मोजतात.

शॅरन कार्टर बघा. कॅप्टन अमेरिकाची साठच्या दशकातली नायिका. तिची मोठी बहीण पेगी, जी महायुद्धात कॅपची मैत्रीण होती. १९६६ मध्ये हे बसत होतं, युद्ध संपून वीसच वर्षं झाली होती, दोन बहिणींत तेवढं अंतर ओढूनताणून चालून जातं. पण कॅलेंडर पुढे गेलं, पेगी १९४५ ला खिळलेली आणि शॅरन मात्र कायम तिशीत. मग पेगी तिची आत्या झाली. मग तेही पुरेना, मग आजीच्या पिढीतली झाली. एका बाईचं अख्खं नातं, लहानपणी ऐकलेल्या मोठ्या बहिणीच्या गोष्टी, सगळं बदललं, का तर कॅप म्हणजे स्टीव्ह रॉजर्स तीस-पस्तीसचा दिसला पाहिजे.

किंवा फ्रँकलिन रिचर्ड्स. फँटास्टिक फोरमधल्या रीड आणि स्यूचा मुलगा, जन्म १९६८. किटी प्राईड एक्स-मेनमध्ये आली १९८० ला, तेरा वर्षांची. २०११ मध्ये किटी म्युटंट मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि फ्रँकलिन? तेव्हाही लहान मुलगाच. कारण साधं आहे, किटी मोठी झाली तर कोणाचंच काही बिघडत नाही, पण फ्रँकलिन वीस वर्षांचा झाला की रीड आणि स्यू पन्नाशीला टेकतात.

तुम्हाला अशी कोणती उदाहरणं आठवतात? आणि मुख्य प्रश्न, हिरोला म्हातारं होऊ द्यावं का?

गावठाण

एक नंबर धागा. माझ्याकडून युद्धांची भर.

आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला आणि तिथेच त्याने पहिलं चिलखत बनवलं. नंतर कॉमिक्समध्येच ते अफगाणिस्तान झालं, २००८ च्या सिनेमातही अफगाणिस्तान. पनिशर म्हणजे फ्रँक कॅसल १९७४ मध्ये आला तो व्हिएतनामहून परतलेला सैनिक म्हणून. रीड आणि बेन तर दुसऱ्या महायुद्धातले. आता इतके लोक इतक्या युद्धांत अडकलेले, दर दहा वर्षांनी कुठलं नवीन युद्ध शोधणार? तर २०१९ मध्ये मार्व्हलने आपल्या विश्वाचा सलग इतिहास काढला त्यात सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्ध आणलं आणि सगळ्यांना एकगठ्ठा तिकडे पाठवलं. देशाचं नाव हवेतून नाही काढलं, १९६५ च्या अॅव्हेंजर्सच्या अंकातलं आहे.

कारागीर म्हणून मी त्या युक्तीला दाद देतो, एका फटक्यात दहा भोकं बुजवली. पण वाचक म्हणून मला ते अजिबात रुचलेलं नाही. फ्रँक कॅसल व्हिएतनामहून आला ह्याला वजन होतं, कारण त्या पिढीतले खरेखुरे पुरुष तसे परत आले होते आणि त्यांना घरी कोणी विचारत नव्हतं. सियानकाँगहून कोणीच परत आलेलं नाही. तिथे कोणाचा मामा मेला नाही, कोणी त्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलं नाही. तुम्ही म्हणता तसं वर्षं कोणाच्या तरी माथी मारली जातात, इथे ती इतिहासाच्या माथी मारलीयेत.

सर्वात जास्त वाईट मला फ्लॅश थॉम्प्सनचं वाटतं. शाळेत पीटरला छळणारा दांडगट पोरगा, साठच्या दशकात सैन्यात गेला आणि व्हिएतनामला जाऊन आला. मग २००८ मध्ये तोच फ्लॅश इराकमध्ये लढतो आणि तिथे त्याचे दोन्ही पाय जातात. तो अंक जबरदस्त आहे ह्यात वाद नाही, प्रत्येक धाडसाच्या वेळी त्याला स्पायडरमॅन आठवत असतो. पण विचार करा, पीटर अजून तिथेच, आणि त्याच्या वर्गातल्या मुलाला दर पिढीच्या युद्धावर पाठवलं जातंय.

टेम्सकाठी

@गावठाण, पनिशरला व्हिएतनाम परत मिळालंय, मार्व्हलच्याच प्रौढांसाठीच्या मॅक्स मालिकेत. गार्थ एनिसने २००४ पासून लिहिलेला फ्रँक कॅसल साठीकडे झुकलेला आहे, व्हिएतनाम हेच त्याचं युद्ध, आणि त्याचं शरीर थकलेलं दिसतं. त्या मालिकेत बाकीचे मुखवटेवाले जवळजवळ नाहीतच, म्हणून ते जमलं. एकट्या माणसाला वय देता येतं. शंभर जणांच्या जगात एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, खरं गाडं तिथे अडतं.

शब्दखूण

+१ फ्लॅशसाठी.

शंकासुर

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका.

उंबेर्तो इकोने १९६२ मध्येच सुपरमॅनवर निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं साधारण असं, पुराणातल्या वीराची गोष्ट घडून गेलेली असते, सगळ्यांना शेवट माहीत असतो. कादंबरीतल्या माणसाचं मात्र पुढे काय होणार ते माहीत नसतं, आणि तो जे काही करतो त्याने त्याचं आयुष्य खर्च होत जातं. सुपरमॅनला दोन्ही व्हायचंय. पुराणपुरुषासारखं अढळही राहायचं आणि दर आठवड्याला नवीन काहीतरी घडायलाही पाहिजे. म्हणून त्याच्या गोष्टी धूसर, स्वप्नासारख्या काळात घडतात, आधीच्या गोष्टीचा पुढच्या गोष्टीवर परिणाम नाही. त्याने प्रेयसी लोईसशी लग्न केलं तर ते मरणाच्या दिशेने टाकलेलं पाऊल ठरेल, असं इको म्हणतो.

आता गंमत बघा, १९९६ मध्ये खरंच लग्न लावलं. २०११ मध्ये डीसीने (सुपरमॅन-बॅटमॅनची कंपनी) सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा ते पुसलं. २०१६ मध्ये परत आणलं. म्हणजे इको बरोबरच होता की. पाऊल टाकलं, घाबरून मागे घेतलं, परत टाकलं.

माझं म्हणणं, ही पात्रं म्हातारी होण्यासाठी बनलेलीच नाहीत. माझ्या पुतण्याला आज बॅटमॅन हवाय तो उड्या मारणारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला नव्हे. दर पिढीला तिचा स्वतःचा तरुण बॅटमॅन मिळण्याचा हक्क आहे. आपल्याला जुनं आठवतं म्हणून त्यांनी आपल्याबरोबर म्हातारं का व्हावं?

निळी_शाई

@शंकासुर, राग कसला, हाच तर वाद हवा होता. पण इकोने लिहिलं तेव्हाचा सुपरमॅन आणि आत्ताचा ह्यात एक मोठा फरक आहे. तेव्हा खरंच गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसायचा. लग्न, मुलं, मृत्यू हे सगळं 'काल्पनिक कथा' असा शिक्का मारून वेगळं छापायचे, पुढच्या महिन्यात सगळं जागच्या जागी. त्याला माझी काहीच हरकत नाही. पण मार्व्हलने साठच्या दशकात वाचकाला सांगितलं की इथे घडलेलं लक्षात ठेवलं जाईल. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये मेली ती मेलीच, पीटर अजून तिची आठवण काढतो. एकदा आठवण ठेवायचं वचन दिलं की काळही आला. मग आठवणी सगळ्या ठेवायच्या आणि वर्षं मात्र मोजायची नाहीत, हे कसं जमणार?

पुतण्याला तरुण बॅटमॅन जरूर मिळो. त्यासाठी दुसऱ्याचं लग्न का मोडायचं एवढंच विचारतेय.

चौकट

मी चित्रं काढतो (पोटापाण्यासाठी जाहिराती, आवडीसाठी कॉमिक्स) तर माझ्या बाजूने सांगतो. वय हे लेखकाच्या आधी चित्रकाराच्या हातात असतं. आणि त्यासाठी फार काही करावं लागत नाही, कानशिलावर चार पांढऱ्या रेघा, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक घडी, खांदे किंचित खाली, झालं. रीड रिचर्ड्सची कानशिलं सुरुवातीच्या काळापासून पांढरी आहेत, म्हणून तो कायम 'वडील माणूस' वाटतो आणि त्याचं वय कधी कोणाला खुपत नाही.

पण हॅल जॉर्डनची गोष्ट ऐका. ग्रीन लँटर्न. १९९० च्या सुमाराला नवीन मालिका सुरू झाली तेव्हा हॅलच्या कानशिलावर पांढरे केस दाखवले. किती सुंदर कल्पना होती, कायम बेधडक असलेला टेस्ट पायलट आता चाळिशीकडे आलाय, भटकतोय, आयुष्याचं काय करायचं कळत नाहीये. तो पांढरा रंग बघितला की बाकी काही लिहायची गरज नव्हती. पुढे १९९४ मध्ये हॅल खलनायक झाला, मेला, वगैरे वगैरे. आणि २००४-०५ मध्ये त्याला परत आणलं तेव्हा काय खुलासा दिला माहितीये? पॅरॅलॅक्स नावाचा भीतीचा परजीवी त्याच्या आत शिरला होता आणि ते पांढरे केस हे त्याचं लक्षण होतं! परजीवी गेला, केस पुन्हा तपकिरी.

म्हणजे चाळिशी हा आजार. बरा झाला की जातो.

मला ती परत आणलेली गोष्ट बाकी सगळ्या बाबतीत आवडते, आखीव आहे, वेगवान आहे. पण त्या केसांचा खुलासा वाचून मी अंक खाली ठेवला होता. एका चित्रकाराने त्या माणसाला वय बहाल केलं होतं आणि ते औषध देऊन काढून टाकलं.

प्राजक्त

चौकट, ह्या अँगलने कधी विचारच केला नव्हता.

मी वाचक म्हणून नवीन आहे, मुलामुळे ह्यात आले. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याचा जीव की प्राण म्हणजे जॉन केंट, सुपरमॅनचा मुलगा. २०१६ पासूनच्या अंकांत जॉन दहा वर्षांचा, शेतावरचं घर, आईबाबा, बरोबर बॅटमॅनचा मुलगा डेमियन, दोघांची सतत भांडणं आणि मैत्री. आम्ही दोघं मिळून वाचायचो. मग पुढचे अंक आणले तर जॉन एकदम सतरा वर्षांचा! आजोबांबरोबर अंतराळात फिरायला गेला आणि परत आला तर मोठा होऊन. मधली वर्षं दुसऱ्या पृथ्वीवर कैदेत काढली म्हणे. पोरगा रडला नाही पण दोन दिवस गप्प होता. म्हणाला, आई त्याचे सगळे वाढदिवस गेले. लोईसने पण पाहिले नाहीत.

हे असं का करतात कोणी सांगेल का? इथे तर उलट आहे ना, मुलाला लहान ठेवण्याऐवजी मोठं केलं.

निळी_शाई

@प्राजक्त, तुमच्या मुलाने एका वाक्यात सगळं सांगितलं हो.

ह्यात मला उलट काही दिसत नाही, हाही त्यातलाच प्रकार. जॉन हळूहळू वाढला असता, म्हणजे दहाचा अकरा, अकराचा बारा, तर प्रत्येक वाढदिवसाला क्लार्क (म्हणजे सुपरमॅन) एक वर्षाने मोठा झाला असता. सात वर्षं एका झटक्यात दुसरीकडे नेऊन उरकली की क्लार्कला ती वर्षं लागत नाहीत. त्याच्यासाठी काही आठवडे गेले. कंपनीला किशोरवयीन सुपरमॅन हवा होता, तो मिळाला, आणि बापाच्या वयाला धक्का नाही. किंमत कोणी मोजली? दहा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आईने. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला डीसीचा हा सर्वात निर्दय निर्णय आहे, आणि मी हे शांतपणे विचार करून लिहितेय.

ज्यांना आवडलं त्यांचा आदर आहे, मोठा जॉन स्वतंत्र पात्र म्हणून चांगला लिहिलाय. पण तो लहान जॉन अजून खूप दिवस राहायला हवा होता.

वेताळभक्त

मंडळी, एवढी चर्चा झाली आणि वेताळाचं (म्हणजे फँटमचं) नाव नाही? मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस. १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, आमच्या घरी मराठी अंक यायचे आणि भावंडांत कोण आधी वाचणार ह्यावरून हाणामारी.

वेताळाचा निर्माता ली फॉकने १९३६ मध्येच ह्या प्रश्नावर तोडगा काढून ठेवला होता. पहिला वेताळ १५३६ चा. चाच्यांनी जहाज लुटलं, बापाला मारलं, हा वाहत किनाऱ्याला लागला आणि मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यानंतर बापामागून मुलगा, मुलामागून नातू, प्रत्येकाने तोच पोशाख चढवायचा. जंगलातले लोक समजतात की हा अमर आहे, वाचकाला माहीत असतं की हा एकविसावा. बाकी सगळे हिरो वय लपवतात, वेताळाने वय हीच कथेची गंमत केली. गुहेत पूर्वजांच्या वह्या आहेत, कबरी आहेत, आणि त्याला माहितीये की त्याचीही जागा तिथे आहे. लहानपणी ते वाचताना अंगावर काटा यायचा.

मला वाटतं जगातल्या सगळ्या सुपरहिरोंनी हाच मार्ग धरायला हवा.

शंकासुर

काका, वेताळाबद्दल प्रेम माझंही आहे, पण एक सांगा, १९३६ पासून वृत्तपत्रातल्या पट्टीत वेताळ कितवा आहे? अजून एकविसावाच! बाविसावा तयार ठेवलाय, १९७७ मध्ये डायनाशी लग्न लावलं, १९७९ मध्ये किट आणि हेलोईस ही जुळी झाली, सगळी व्यवस्था चोख. पण खुर्ची काही सोडली नाही. ली फॉक १९९९ मध्ये गेला तोपर्यंत त्यानेच लिहिलं आणि त्यानेही हे पाऊल उचललं नाही. ज्याच्याकडे वारसा देण्याची इतकी बिनतोड सोय आहे तोही देत नाही, तर बाकीच्यांकडून काय अपेक्षा?

वेताळभक्त

मुद्दा बिनतोड आहे, नाकारत नाही. पण तरी फरक आहे बघ. एकविसावा मरेल हे त्या जगात सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. आजोबा-पणजोबांच्या गोष्टी मधेमधे येतात, त्यात म्हातारे, जखमी, दमलेले वेताळ दिसतात. मरण त्या घरात वावरत असतं. बॅटमॅनच्या घरात मरण फक्त आईबापांचं, आणि तेही एकदाच.

टेम्सकाठी

वारसा प्रत्यक्षात देऊन दाखवलेलं उदाहरण आहे, डीसीमध्येच. बॅरी अॅलन म्हणजे फ्लॅश, १९८५ च्या क्रायसिस नावाच्या महाकथेत मेला. त्याचा पोरसवदा साथीदार वॉली वेस्ट, जो १९५९ च्या सुमाराला छोटा किड फ्लॅश म्हणून आला होता, तो १९८६ पासून फ्लॅश झाला. सुरुवातीला उर्मट, पैशामागे धावणारा, काकाच्या सावलीत घुसमटणारा, आणि मग हळूहळू नवरा, बाप. वीसेक वर्षं तोच फ्लॅश होता, माझ्या पिढीचा फ्लॅश म्हणजे वॉलीच. आणि मग २००८ मध्ये बॅरी परत. वॉली कुठेच नाही, २०११ नंतर तर काही वर्षं अस्तित्वातच नाही. २०१६ मध्ये तो परत आला तोच मुळी 'कोणीतरी आपली दहा वर्षं चोरली' असं ओरडत. डीसीने स्वतःच्या अंकात छापलंय हे! २०११ मध्ये त्यांनी सगळा इतिहास पाच वर्षांत कोंबला होता, बॅटमॅनने पाच वर्षांत चार रॉबिन (त्याचे तरुण साथीदार) तयार केले आणि स्वतःचा मुलगा दहा वर्षांचा. कोणालाच पटेना, शेवटी कबुली द्यावीच लागली.

आता माझं खरं प्रेम. जज ड्रेड, भविष्यातला कडक पोलीस-न्यायाधीश. १९७७ पासून त्याचं २००० एडी हे साप्ताहिक निघतंय, इथे लंडनमध्ये मी अजून पेपरवाल्याकडून घेतो. पहिली गोष्ट घडली २०९९ मध्ये, आणि तिथून पुढे आपलं एक वर्ष म्हणजे त्याचं एक वर्ष, पक्का नियम. ड्रेड स्वतःच क्लोन आहे, २०६६ चा, म्हणजे सुरुवातीला तेहेतिशीचा गडी आता ऐंशीच्या घरात आहे. भविष्यातली वैद्यकीय उपचारपद्धती आहे म्हणून उभा आहे, पण वय कोणी विसरत नाही. १९८२ च्या युद्धात त्याच्या शहराची, मेगा-सिटी वनची, निम्मी माणसं, चाळीस कोटी, मेली, आणि ती मेलेलीच राहिली, शहर परत कधी तसं झालं नाही. ड्रेडने तरुणपणी घेतलेले निर्णय वीस-तीस वर्षांनी त्याच्यासमोर उभे राहतात. ज्या मुलांना त्याने वाचवलं ती मोठी होऊन त्याच्या विरोधात जातात. कायद्यावरची त्याची आंधळी श्रद्धा हळूहळू हलते, आणि हे पटतं कारण हलायला तिला चाळीस वर्षं लागलीयेत, चाळीस पानं नव्हे.

शंकासुरच्या प्रश्नाला माझं हे उत्तर. जमतं. पन्नास वर्षं जवळजवळ जमलंय.

चौकट

आणि ड्रेडचा चेहरा कधीच पूर्ण दाखवत नाहीत, हेल्मेट काढत नाही तो! चित्रकाराकडे वय दाखवायला फक्त हनुवटी आणि ओठ. तेवढ्यात इतके जण इतकं दाखवतात, हनुवटीवरच्या रेघा दर दशकात वाढलेल्या दिसतात. कधी जुना आणि नवा अंक शेजारी ठेवून बघा.

गावठाण

एरिक लार्सनचा सॅव्हेज ड्रॅगन पण लिहून ठेवा. १९९२ पासून, तोही खऱ्या काळात, एकच माणूस लिहितो आणि काढतो. ड्रॅगन म्हातारा झाला, मुलगा माल्कम नायक झाला, २०१७ मध्ये ड्रॅगन मेला. मालक स्वतः लेखक असला की हे होतं. पीटर पार्करचा मालक म्हणजे कंपनी, तिला त्याला बिस्किटांच्या पुड्यावर आणि शाळेच्या दप्तरावर छापायचंय. दप्तरावरच्या माणसाला पोट सुटून चालत नाही.

शब्दखूण

कॅप्टन अमेरिकाबद्दल एक. बर्फाची युक्ती सगळ्यांत सोपी वाटते ना, १९४५ ला गोठला, कधीही बाहेर काढा, वय तेवढंच. पण त्याने गोष्टच बदलली. १९६४ मध्ये तो बर्फातून निघाला तेव्हा मधे एकोणीसच वर्षं गेली होती. बरोबरचे सैनिक चाळिशीत, पन्नाशीत, नोकरीधंदा करणारे, भेटू शकणारे. त्याचं दुःख काय होतं, तर सगळे पुढे गेले आणि मी तिथेच. आता मधलं अंतर सत्तरच्या आसपास. भेटायला कोणी उरलंच नाही. आता तो दुसऱ्या शतकातून आलेला पाहुणा. त्याचं वय एका दिवसाने वाढलं नाही पण माणूस बदलला.

एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो, त्याचंही तसंच. ऑश्विट्झमधून वाचलेला मुलगा, ते हलवता येतच नाही आणि कोणी हलवू पण नये. त्याला १९७४ च्या एका अंकात चक्क तान्हं बाळ केलं होतं आणि १९७७ मध्ये परत ऐन जवानीत आणलं. तेव्हा कोणाला माहीत होतं की ह्या योगायोगाने पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याचं म्हातारपण टळणार आहे. ऑश्विट्झचा संदर्भ तर त्यानंतर, १९८० च्या दशकात आला.

प्राजक्त

इतकं वाचून आता मुलाला काय देऊ ते सांगा. त्याला खरोखर वाढणारा हिरो हवाय. ड्रेड दहा वर्षांच्या मुलाला नको वाटतो.

निळी_शाई

ड्रेड नकोच आत्ता. २०१९ मध्ये आलेली स्पायडरमॅनची लाइफ स्टोरी आहे, सहा अंक, एका अंकात एक दशक. पीटर १९६२ मध्ये पंधराचा आणि मग साठ, सत्तर, ऐंशी, जसं कॅलेंडर तसं त्याचं वय. व्हिएतनामही जागेवरच. पण त्यातले प्रसंग जरा जड आहेत, तेरा-चौदाचा होऊ दे, मग द्या. तुम्ही मात्र आत्ताच वाचा.

जानेवारी २०२४ पासून जॉनथन हिकमनने लिहिलेला अल्टिमेट स्पायडरमॅन सुरू झाला त्यात पीटर पस्तिशीचा बाप आहे, मेरी जेन आहे, दोन मुलं आहेत, आणि शक्ती त्याला आत्ता ह्या वयात मिळते. एक अंक म्हणजे एक महिना, कथेतही महिनाच जातो. मुलं बापाला सूटचा रंग सुचवतात, घरात डबे भरले जातात, काका बेन जिवंत आहे. आणि लोकांनी तो अक्षरशः उचलून धरला, छापलेले अंक संपून पुन्हापुन्हा छापावे लागले. सतरा वर्षं कंपनी म्हणत होती ना की बायको-मुलं असलेला पीटर वाचकांना आपला वाटणार नाही?

तुमचा मुलगा त्यातल्या मुलाशी, रिचर्डशी, लगेच दोस्ती करेल बघा. तुम्ही आधी चाळून घ्या फक्त, मारामारी आहे.

शंकासुर

ठीक आहे, अल्टिमेट मी पण वाचतो आणि मला आवडतो. माझा विरोध मुख्य मालिकेला वय देण्याला आहे, वेगळ्या विश्वात काय हवं ते करा. तीच तर सोय आहे. १९८६ मध्ये पंचावन्न वर्षांचा बॅटमॅन आला तो वेगळ्या भविष्यातला, म्हणून इतका मोकळेपणाने लिहिता आला. पृथ्वी-दोन ह्या समांतर जगातला सुपरमॅन पांढऱ्या केसांचा, लोईसचा नवरा, तिथला बॅटमॅन तर १९७९ मध्ये मेला, कोणी कंपनीच्या नावाने खडे फोडले नाहीत. मूळ झाड तसंच राहू द्या, फांद्यांना हवं तसं वाढू द्या.

शिवाय थोडं थांबा की. १ जानेवारी २०३४ ला १९३८ चा सुपरमॅन अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा होतोय, पुढच्या वर्षी बॅटमॅन. ट्रेडमार्कची भानगड राहील, पण गोष्ट कोणालाही लिहिता येईल. ज्याला म्हातारा सुपरमॅन लिहायचाय त्याने लिहावा, ज्याला मारायचाय त्याने मारावा.

निळी_शाई

सुपरमॅनसाठी २०३४ ठीक आहे. त्याच हिशोबाने १९६२ चा पीटर २०५८ ला मोकळा होणार, तेवढं मी नाही थांबणार! मला मुख्य मालिकेतच हवाय. एकदम सत्तरीचा करा असं मी कुठे म्हणतेय, फक्त २००७ मध्ये काढून घेतलेली वीस वर्षं परत द्या. लग्न झालं होतं हे पुन्हा मान्य करा, पस्तिशी मान्य करा आणि तिथून दोन-तीन वर्षांना एक वर्ष ह्या गतीने पुढे न्या. तरुण स्पायडरमॅन ज्यांना हवाय त्यांच्यासाठी दुसरा स्पायडरमॅन, माइल्स मोरालेस, आहे, २०११ पासून आहे, आणि उत्तम आहे.

आणि मूळ झाडाचं म्हणाल तर १९६२ ते १९६५ ते झाड वाढतच होतं. ते वाढणं नंतर थांबवलेलं आहे.

@गावठाण, मेरी जेनवर वेगळा धागा काढायचा का? तिच्या बाजूने ही वीस वर्षं कोणी लिहिलीच नाहीत असं मला वाटतं, तुमच्याकडे नव्वदच्या दशकातले अंक असतील तर तिथून सुरुवात करू.